साडेसातशे साईट बंद करण्याआधी यादी उघडून बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात कायद्याचा प्रश्न एक आहे आणि दुखणं दुसरंच आहे.

तुम्ही लिहिता की पहिला चित्रपट शुक्रवारी लागला आणि शनिवारी सकाळी गावातल्याच एका मुलानं तुम्हाला टेलिग्रामची लिंक पाठवली, ‘काका, पिक्चर भारी झालाय’ म्हणून. बिचारा कौतुकच करत होता. आता दुसरा चित्रपट दोन महिन्यांवर आलाय. ओळखीच्या वकिलांनी सांगितलंय, आधीच हायकोर्टातून ‘जॉन डो’ हुकूम घेऊन ठेवा, साडेसातशे साईटची यादी तयार आहे. आणि पुण्यात संगणकाच्या क्षेत्रात असलेला पुतण्या म्हणतो, काका, असल्या हुकमांनी इंटरनेटचा गळा आवळला जातो, तुम्ही त्यात पडू नका. कोणाचं ऐकू, असं विचारलंय.

मी मुंबईत बावीस वर्षं कॉपीराइटचीच कामं करते, तीही बहुतेक निर्मात्यांच्या बाजूनं. म्हणजे असे हुकूम मी स्वतः मागितलेत, मिळवलेत, आणि त्यातले काही वाईट पद्धतीनं मागितले होते हे नंतर उमगलंय. त्यामुळे दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे असं सांगून मी सुटका करून घेणार नाही. वकिलांनी सुचवलेला उपाय खरा आहे, पण ती तयार यादी धोक्याची आहे. पुतण्याची भीती खरी आहे, पण ‘पडू नका’ हा सल्ला तुमच्यासारख्या घर गहाण टाकून चित्रपट काढणाऱ्या माणसाला परवडणारा नाही.

आधी काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. तुमचा मुख्य पैसा तिकीटबारीवर आहे की ओटीटीला हक्क आधीच विकून झालेत? विकले असतील तर करार काढून दोन गोष्टी बघा: पायरसीविरुद्ध कारवाई कोणी करायची आणि त्याचा खर्च कोणाच्या डोक्यावर. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे ज्याला अनन्य परवाना दिलाय तोही दावा लावताना मालकच धरला जातो. काही करारांत निर्मात्याच्या हातात फारसं काही उरलेलंच नसतं आणि त्याला ते कोर्टाच्या दारात उभं राहिल्यावर कळतं. दुसरं, चित्रपट किती स्क्रीनवर लागणार आणि किती दिवस टिकेल असा तुमचा अंदाज आहे? मराठी चित्रपटाचा जीव बहुतेक वेळा पहिल्या शुक्रवार ते सोमवारात असतो. मंगळवारी आलेला हुकूम अशा चित्रपटाच्या उपयोगाचा नाही.

आता ‘जॉन डो’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण सगळा वाद तिथंच जन्माला येतो. चोर कोण ते ठाऊक नाही, पण चोरी होणार हे ठाऊक आहे, अशा वेळी अनोळखी प्रतिवादीविरुद्ध दावा लावायचा. आपल्याकडे त्या अनोळखी माणसाला ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धत आहे. दिल्ली हायकोर्टानं २००२ च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी, परवानगीशिवाय सामने दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध असा हुकूम दिला आणि ही वाट आपल्याकडे सुरू झाली. तेव्हा कोर्टानं नेमलेला कमिशनर खरोखर केबलवाल्याच्या दारात जाई. दारातला माणूस म्हणू शके, ‘साहेब, माझ्याकडे परवाना आहे, हा बघा.’ इंटरनेटवर ते दारच राहिलं नाही. हुकूम साईटवाल्याच्या हातात पडतच नाही. तो जातो टेलिकॉम खात्याकडे आणि इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे. ज्याचं बंद होणार तो कोर्टात हजर नसतो आणि ज्या कंपनीनं बंद करायचं तिला त्याच्यासाठी भांडायचं काही कारण नसतं. मग न्यायाधीशांपुढे बोलणारा एकटा कोण उरतो? फिर्यादीचा वकील. म्हणजे मी.

ही जबाबदारी केवढी मोठी आहे हे मला एका फोननं शिकवलं. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका चित्रपटासाठी आम्ही कोर्टात यादी दिली होती. ती एका एजन्सीनं बनवली होती, शेकड्यांनी पत्ते होते, आणि मी ती वरवर चाळून सही केली होती. हुकूम मिळाल्यावर दहा-बारा दिवसांनी एका शाळेतल्या शिक्षकांचा फोन आला. ते मराठी चित्रपटगीतांचे राग आणि नोटेशन लिहून ठेवत असत, स्वतःच्या छोट्या साईटवर, हौसेनं, कित्येक वर्षं. आमच्या चित्रपटातल्या एका गाण्यावर त्यांनी लेख लिहिला होता, मथळ्यात चित्रपटाचं नाव आणि ‘पूर्ण’ असा शब्द होता. एजन्सीच्या यंत्रानं तेवढ्यावरून पत्ता उचलला आणि त्यांची अख्खी साईट बंद झाली. ते आधी इंटरनेट कंपनीकडे गेले. कंपनी म्हणाली, खात्याला विचारा. खातं म्हणालं, कोर्टाचा हुकूम आहे. कोर्टात कुणाला गाठायचं हे त्यांना कोण सांगणार? शेवटी कुणाकडून तरी दाव्याचा क्रमांक काढून ते माझ्यापर्यंत पोचले. ते रागावलेही नव्हते. ‘मॅडम, माझं नक्की काय चुकलं तेवढं सांगा, म्हणजे मी काढून टाकतो,’ असं म्हणाले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. चूक माझी होती आणि ती निस्तरायला आणखी नऊ दिवस गेले. त्या दिवसापासून माझ्या हातून उघडून न पाहिलेला एकही पत्ता कोर्टात गेलेला नाही.

पुतण्या जे म्हणतो त्याला मोठ्या प्रमाणावरचे दाखलेही आहेत. २०१२ मध्ये चेन्नईच्या एका कंपनीनं दोन दक्षिणी चित्रपटांसाठी मद्रास हायकोर्टातून असाच हुकूम आणला होता. नेमकं काय बंद करायचं ते स्पष्ट नव्हतं, तेव्हा मे महिन्यात सेवा कंपन्यांनी आपल्या मनानं व्हिमिओ, डेलीमोशन अशा व्हिडिओच्या अख्ख्या साईट बंद करून टाकल्या. व्हिमिओवर तर जगभरचे छायाचित्रकार, संकलक, लघुपट करणारे आपापलं काम ठेवतात. चित्रपटवाल्यांच्या नावानं चित्रपटवाल्यांचीच दुकानं बंद झाली. ९ जूनला मुंबईत आझाद मैदानावर तरुण मुलं मुखवटे चढवून निषेधाला जमली. २२ जूनला त्याच कोर्टाला खुलासा करावा लागला की बंदी फक्त चोरीच्या प्रतीच्या नेमक्या लिंकवर आहे, सबंध साईटवर नाही.

त्यातून धडा घेतला गेला असं वाटलं होतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये, पुन्हा मद्रास हायकोर्टातून, दोन हिंदी चित्रपटांसाठी २,६५० पत्त्यांची यादी मंजूर झाली आणि तिच्यात इंटरनेट अर्काइव्ह होतं. हे ऑनलाइन ग्रंथालय १९९६ पासून चालू आहे. बंद पडलेल्या साईटच्या जुन्या प्रती तिथं मिळतात, आणि आपल्याकडच्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पात स्कॅन झालेली कितीतरी जुनी मराठी पुस्तकंही. मी स्वतः खटल्यांत पुरावा म्हणून तिथली जुनी पानं लावलेली आहेत. दोन चित्रपटांच्या शुक्रवारसाठी असं ग्रंथालय देशभर बंद झालं. २,६५० पत्ते कोणी एकेक करून उघडून पाहिले असते तर हे नाव यादीत राहिलंच नसतं. मला याचा संताप येतो तो निर्मात्यांच्याच बाजूनं. अशा प्रत्येक घटनेनंतर पुढचा खरा निर्माता कोर्टात गेला की त्याच्याकडे संशयानं पाहिलं जातं.

पुतण्यानं अमेरिकेतल्या ‘सोपा’ (SOPA) या ऑनलाइन पायरसीविरोधी विधेयकाचा विषय काढला असेलच, तर थोडक्यात सांगते. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथल्या कनिष्ठ सभागृहात ते विधेयक आलं. परदेशी साईटचे पत्ते इंटरनेट कंपन्यांकडूनच अडवायचे, जाहिराती आणि पैसे देणारे मार्ग तोडायचे, अशा तरतुदी त्यात होत्या. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडियानं चोवीस तास स्वतःला काळं फासून घेतलं, हजारो साईटनी साथ दिली आणि दोनच दिवसांत विधेयक बाजूला ठेवलं गेलं. मात्र त्याच आठवड्यात, १९ जानेवारीला, अमेरिकी तपास यंत्रणांनी मेगाअपलोड ही फाईल साठवून वाटणारी प्रचंड मोठी साईट बंद पाडली. नवा कायदा नसताना, जुन्याच कायद्यानं. माझ्या दृष्टीनं त्या आठवड्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट ती आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ, कारण माझ्या मते या प्रश्नाचं सगळ्यात नीट उत्तर इथंच दिलं गेलं. जुलै २०१६. एका मोठ्या हिंदी चित्रपटाच्या प्रदर्शनाआधी निर्माती कंपनी मुंबई हायकोर्टात आली, न्यायमूर्ती गौतम पटेल यांच्यापुढे. आधी मागणी ढोबळ होती आणि ती त्यांनी मान्य केली नाही. सबंध साईट बंद करायची तर तिच्यावर कायदेशीर असं काहीच नाही हे दाखवा, नुसतं ‘चोरीची साईट आहे’ म्हणून भागणार नाही, ही त्यांची भूमिका. कंपनीनं मग घरी जाऊन अभ्यास केला. प्रत्येक लिंक एकानं तपासायची, दुसऱ्यानं फेरतपासायची, कंपनीनं आणि वकिलांनी पुन्हा पाहायची, आणि मगच शपथेवर प्रतिज्ञापत्र करायचं. अशा चाळणीतून १३४ लिंक उरल्या आणि त्यांच्याविरुद्ध हुकूम मिळाला. शिवाय बंद पानावर काय दिसलं पाहिजे हेही कोर्टानं सांगितलं: कुठल्या हुकमानं बंद आहे, आणि ज्याला तक्रार आहे त्यानं कोर्टात यावं. माझ्या त्या शिक्षकांना एवढीच एक ओळ पडद्यावर दिसली असती तर त्यांची वणवण वाचली असती.

त्याच प्रकरणात पुढे आणखी एक गोष्ट झाली, आणि ती तुमच्या गावातल्या मुलाशी संबंधित आहे. ऑगस्टमध्ये लोकांना बंद साईटवर अशी पाटी दिसू लागली की इथला मजकूर पाहणं हासुद्धा गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर्तमानपत्रांनी ते उचललं, घराघरांत घबराट झाली. ३० ऑगस्टला कोर्टानं ते दुरुस्त केलं. नुसतं पाहणं हा कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नाही, गुन्हा आहे तो वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्या-भाड्यानं देण्यात. तेव्हा त्या मुलावर पोलीस केस करा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ग्रुपवर पुढे ढकलणं हे मात्र वाटण्याच्या जवळ जातं, हे त्याला प्रेमानं समजावून सांगा. कलम ६३ खाली किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं शिक्षा आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलंय. एवढं धारदार हत्यार अठरा वर्षांच्या पोरावर उगारायचं नसतं.

तुम्ही म्हणाल, मग १३४ लिंकसारखंच करू. इथं एक तांत्रिक अडचण आली आहे, आणि ती पुतण्या तुम्हाला माझ्याहून चांगली समजावेल. आता जवळपास सगळ्या साईट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे ग्राहक आणि साईट यांच्यातला मजकूर कुलूपबंद असतो. मधल्या इंटरनेट कंपनीला साईटचं नाव दिसतं, आत कुठलं पान उघडलंय ते दिसत नाही. त्यामुळे एकच लिंक अडवा असा हुकूम कंपनीला दिला तरी ती एक तर काहीच करू शकत नाही, नाहीतर सबंध साईट बंद करते. म्हणून मी कामाची दोन भागांत विभागणी करते. जिथं चांगला-वाईट दोन्ही माल आहे, म्हणजे यूट्यूब, टेलिग्राम, फेसबुक, फाईल साठवणाऱ्या कंपन्या, तिथं त्या कंपनीलाच नोटीस द्यायची आणि तेवढी लिंक काढायला लावायची. इंटरनेट कंपनीकडून बंदी मागायची ती फक्त अशा साईटसाठी, जिचा धंदाच चोरीचा आहे.

असा धंदा कशावरून ओळखायचा, याची कसोटी दिल्ली हायकोर्टाच्या १० एप्रिल २०१९ च्या निकालात आहे. मालकानं स्वतःची ओळख लपवलीय का, नोटिशीला कधी उत्तर देतो का, चोरीच्या फायलींची सूचीच करून ठेवलीय का, इतर कोर्टांनी आधी बंदी घातलीय का, अशा गोष्टी पाहायच्या. त्या निकालानं ‘डायनॅमिक’ मनाईही आणली. साईट बंद केली की ती तासाभरात एक अक्षर बदलून दुसऱ्या नावानं उभी राहते, तेव्हा दर वेळी नवा दावा लावायला नको, शपथेवर अर्ज करून ते नवं नाव आधीच्याच हुकमात जोडता येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कोर्टानं आणखी पुढे जाऊन, दावा लावताना अस्तित्वातही नसलेल्या पुढच्या चित्रपटांनाही हे संरक्षण लागू केलं. इथं मात्र मी अडखळते. चालू चोरीविरुद्ध हुकूम मला पटतो. उद्याच्या कामाचा आणि उद्याच्या साईटचा हुकूम आज देऊन ठेवायचा, आणि पुढची प्रत्येक भर बव्हंशी फिर्यादीच्या प्रतिज्ञापत्रावर चालवायची, तर मग ते प्रतिज्ञापत्र करणारा माणूस फार सचोटीचा असावा लागतो. सगळे तसे नसतात.

दुसरा मार्ग सरकारी आहे. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त झाला. थिएटरात चित्रपट रेकॉर्ड करणं आणि चोरीची प्रत नफ्यासाठी दाखवणं यांना किमान तीन महिने ते तीन वर्षं कैद, आणि दंड किमान ३ लाखांपासून थेट निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं १२ अधिकारी नेमले. त्यांच्याकडे तक्रार केली की ४८ तासांत लिंक किंवा साईट बंद करण्याचे आदेश निघावेत अशी सोय आहे. कोर्टाचा खर्च न पेलणाऱ्या मराठी निर्मात्याला हा मोठा आधार आहे, आणि तुम्ही तो वापरा. पण जितकी काळजी कोर्टात घ्याल तितकीच तिथं घ्या, किंबहुना जास्त. कोर्टात निदान न्यायाधीश उलटा प्रश्न विचारतात, आणि हुकूम नंतर कुणीही वाचू शकतो.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे, टेलिग्रामकडे. तुमची प्रत कुठल्या परदेशी साईटवर आधी गेली नव्हती, ती चॅनेलवर गेली होती. साडेसातशे साईट बंद करून त्या चॅनेलला काहीही झालं नसतं. तिथं उपयोगी पडतं ते कॉपीराइट कायद्याचं कलम ५२(१)(ग), इंग्रजीत ‘सी’, आणि २०१३ च्या नियमांतला नियम ७५. लेखी तक्रार द्यायची: काम कोणतं, हक्क तुमचा कशावरून, नेमकी लिंक कोणती. शिवाय तुम्ही दावा दाखल करून २१ दिवसांत कोर्टाचा हुकूम आणाल अशी हमी. तक्रार मिळाल्यापासून ३६ तासांत कंपनीनं ती लिंक अडवायची. २१ दिवसांत तुमचा हुकूम आला नाही तर ती पुन्हा खुली करायची मोकळीक तिला आहे. मला ही रचना आवडते. निर्मात्याला वेग मिळतो, आणि खोटी तक्रार कायमची टिकत नाही.

चॅनेल चालवणारा कोण, हे शोधायचं असेल तर दिल्ली हायकोर्टाचा ३० ऑगस्ट २०२२ चा हुकूम तुमच्या वकिलांना वाचायला सांगा. एका शिक्षिकेची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आणि व्याख्यानं टेलिग्रामवर फुकट वाटली जात होती. कंपनी म्हणाली, आमचे सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथला कायदा नावं सांगू देत नाही. कोर्टानं ते मानलं नाही, आणि कंपनीला चॅनेलवाल्यांची नावं, फोन क्रमांक, आयपी पत्ते बंद लखोट्यात द्यावे लागले. पुतण्याला इथं गोपनीयतेची काळजी वाटेल आणि ती वाटायलाच हवी. पण नाव मागितलं कोर्टानं, ठराविक चॅनेलचं, आणि दिलं गेलं लखोट्यात. सगळ्यांचे संदेश उघडून वाचायची मागणी कुणी केली नव्हती. फरक तोच आहे, आणि पुतण्यानं भांडावं ते हा फरक टिकवण्यासाठी.

याहीपेक्षा आधीचं काम तुमच्या ऑफिसात आहे. सकाळी आलेली ती प्रत कशी होती? हलणारी, प्रेक्षकांची डोकी दिसणारी, की स्वच्छ? हलणारी असेल तर ती थिएटरात मोबाईलवर घेतलीय, आणि डिजिटल प्रतीतल्या अदृश्य वॉटरमार्कवरून कुठल्या पडद्यावरच्या कुठल्या शोला घेतली ते बहुधा काढता येतं. वितरकामार्फत ताबडतोब विचारा. स्वच्छ असेल तर ती आतून गेलीय: संकलन, ध्वनी, सबटायटल, महोत्सवाला पाठवलेली लिंक, पाहुण्यांना दाखवलेली प्रत. माझ्याकडे आलेल्या छोट्या चित्रपटांच्या प्रकरणांत अर्ध्याहून जास्त वेळा वाट इथूनच निघाली. ‘जरा बघून सांगा’ म्हणून पेन ड्राइव्हवर दिलेला चित्रपट हायकोर्टही परत आणून देऊ शकत नाही. या वेळी प्रत्येक बाहेर जाणाऱ्या प्रतीवर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख पडद्यावर उमटवा, वहीत नोंद करा, आणि संपूर्ण चित्रपट शक्य तितक्या कमी हातांत द्या.

तुम्हाला न आवडणारं एक सांगते. तुम्हीच लिहिलंय की तालुक्याचं थिएटर केव्हाच बंद पडलं आणि जवळचा पडदा ४० किलोमीटरवर आहे. त्या मुलानं शनिवारी सकाळी तुमचा चित्रपट पैसे देऊन बघायचा ठरवला असता तर कुठं बघितला असता? तीच गोष्ट दुबईतल्या, न्यू जर्सीतल्या मराठी माणसाची. याचा अर्थ त्यांना चोरीचा हक्क मिळतो असा नाही. तुमच्या कामाचा मोबदला हा तुमचा हक्कच आहे, आणि ‘माहिती मुक्त असावी’ अशी वाक्यं ऐकवणाऱ्यांना सहा महिने पगाराविना राबलेल्या प्रकाशयोजना साहाय्यकाचं घर दाखवावं असं मला वाटतं. पण नुकसानाचा हिशोब करताना प्रत्येक फुकट बघणारा म्हणजे एक बुडालेलं तिकीट असं धरू नका. एका उद्योग अहवालानं २०२३ साठी देशातला पायरसीचा पसारा २२,४०० कोटी रुपयांचा सांगितला. असा आकडा ऐकून कायदे कडक होतात, पण त्यातला किती पैसा तुमच्या खिशात आला असता हे तो आकडा सांगत नाही. या वेळी परदेशातल्या मराठी मंडळांचे शो आणि ऑनलाइन भाड्यानं बघायची सोय आधी ठरवा. ती तारीख पोस्टरवर छापा.

तर करायचं ते या क्रमानं. आजपासून प्रतींची वही आणि करारातली कलमं. प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी मोठ्या कंपन्यांच्या तक्रार अधिकाऱ्यांचे पत्ते आणि नियम ७५ च्या नोटिशीचा कोरा मसुदा. शुक्रवार ते सोमवार दोन माणसं फक्त शोध आणि नोटिसा यावर बसवा, त्यांना दुसरं काम देऊ नका. कोर्टात जायचं तर जरूर जा, पण मुदतबंद हुकूम मागा, चित्रपटाच्या कमाईचा काळ संपला की बंदीही संपेल असा, आणि बंद पानावर तुमच्या वकिलांचा ईमेल छापायची तयारी ठेवा. चुकून कुणाचं बंद झालं तर अठ्ठेचाळीस तासांत आम्ही स्वतः कळवू, असं प्रतिज्ञापत्रात लिहून द्या. हे लिहून दिल्यानं माझा अर्ज कमजोर झाल्याचं मला आठवत नाही. उलट न्यायाधीशांनी पुढचं पान शांतपणे उलटलेलं आठवतं.

आणि ती साडेसातशेची यादी वकिलांकडून मागवून घ्या. रविवारी पुतण्याला घरी जेवायला बोलावा, दोघं मिळून एकेक पत्ता उघडा. प्रत्येक पत्त्यासमोर तीन रकाने आखा: काय दिसलं, कायदेशीर काही आहे का, कधी पाहिलं. पडद्याचा फोटो काढून ठेवा. निम्मे पत्ते तर मेलेले निघतील, कारण अशा याद्या एका चित्रपटावरून दुसऱ्यावर वर्षानुवर्षं फिरत असतात. जिथं तुम्हा दोघांचं एकमत होणार नाही तो पत्ता बाजूला काढा. उरतील त्या साठ-सत्तरांवर तुम्ही सही करा, आणि पुतण्यानं तपासल्याचं त्याचंही प्रतिज्ञापत्र जोडा.